तळेगावचे भिजत घोंगडे

एखादे सरकार एखाद्या सौद्याला ‘हो’ म्हणते, एखादे ‘नाही’ म्हणते. दोन्ही उत्तरांची किंमत असते आणि दोन्हींचा जाब निवडणुकीत विचारता येतो. पण हो नाही आणि नाहीही नाही, असे तोंडात मिठाची गुळणी धरून अडीच वर्षे बसणारे सरकार भेटले, तर त्याचा जाब कुणी, कुठे आणि कशाच्या आधारावर विचारायचा? तळेगाव दाभाडे येथील जनरल मोटर्सच्या कारखान्याच्या विक्रीचे नेमके हेच झाले. १७ जानेवारी २०२० रोजी या अमेरिकन कंपनीने आपला कारखाना चीनच्या ग्रेट वॉल मोटर कंपनीला विकण्याचा प्राथमिक करार जाहीर केला. ३० जून २०२२ रोजी त्या कराराची मुदत संपली. मधल्या काळात या सौद्याला मंजुरी मिळाली नाही आणि जाहीर नकारही आला नाही. सौदा कुणी मोडला नाही. तो वाळत घातला होता, वाळून गेला.

बेळगावात बसून तळेगावची उठाठेव कशाला, असे कुणी विचारील. माझे आयुष्य उद्यमबागेत ओतकामाच्या धंद्यात गेले. तिकडे पुण्याच्या पट्ट्यात मोठ्या कारखान्याचे एक भोंगे बंद झाले, की इकडे भट्टीचा ताव कमी होतो, हे आम्ही कागदावर नव्हे तर हातावर शिकलेलो आहोत. मोटार बनवणाऱ्याला भाग पुरवणारा एक, त्याला भाग पुरवणारा दुसरा, आणि त्या दुसऱ्याला ओतीव माल देणारा तिसरा, अशी ही उतरंड असते. वरचे मडके हलले की खालच्यांचे काय होते ते सांगायला नको. शिवाय खानापूर, चंदगड, निपाणीकडची आय. टी. आय. झालेली मुले नोकरीला जातात कुठे? चाकण, भोसरी, तळेगाव. तेव्हा हा विषय परमुलखाचा नाही.

आणि दुसरेही एक कारण आहे. ‘प्रलंबित’ या शब्दाचा अर्थ सीमाभागातल्या मराठी माणसाला जितका कळतो तितका तो पुण्या-मुंबईच्या माणसाला कळत नाही. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात २००४ साली सीमाप्रश्नाचा दावा दाखल केला. त्याच्या तारखा मोजता मोजता दोन दशके सरली. निकाल विरुद्ध गेला तर माणूस रडतो, भांडतो आणि मग पुढची वाट धरतो. निकालच लागला नाही, तर तो ना रडू शकतो ना वाट धरू शकतो.

आता मूळ हकिकत. जनरल मोटर्स ही काही साधुसंतांची कंपनी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. नव्वदीच्या दशकात दारे उघडली तेव्हा ती हिंदुस्थान मोटर्सच्या हातात हात घालून आली आणि बडोद्याजवळच्या हालोलच्या कारखान्यातून १९९६ मध्ये तिने ओपेल ॲस्ट्रा काढली. १९९९ मध्ये भागीदाराचा वाटा विकत घेऊन ती एकटी मालकीण झाली. पुढे २००३ मध्ये ओपेलची पाटी उतरवून शेवरोलेची लावण्यास सुरुवात झाली. २००८ च्या सप्टेंबरात तळेगावचा दुसरा कारखाना सुरू झाला. पाट्या बदलल्या, मॉडेले बदलली, पण गिऱ्हाईक काही मिळेना. २०१३ साली तर टवेरा गाडीच्या धुराच्या चाचण्यांत कंपनीच्या माणसांनी लबाडी केल्याचे उघड झाले आणि १ लाख १४ हजार गाड्या परत बोलावण्याची नामुष्की आली. मे २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केले की वर्षअखेर भारतातली विक्री बंद. तळेगावात गाड्या बनतील, पण त्या मेक्सिको वगैरे परदेशांत जातील. घरच्या बाजारात हरलेल्या पैलवानाने परगावच्या जत्रेत कुस्त्या माराव्या, तसा हा प्रकार. अशी कंपनी कधीतरी आवरासावर करणार हे उघड होते. तिने ती केली याबद्दल माझी तक्रार नाही.

पण हालोलचे काय झाले ते नीट पाहा, कारण पुढच्या साऱ्या गोष्टीची गोम तिथे आहे. बडोद्याच्या वाचकांना ते ठाऊकच असेल. २०१७ मध्ये हालोलचा कारखाना शांघायच्या सैक मोटर या चिनी कंपनीकडे गेला. ही सैक कुणा खाजगी शेठजींची नाही. ती चीनमधली सरकारी मालकीची कंपनी. तिने ‘मॉरिस गॅरेजेस’ या जुन्या इंग्रजी नावाचा झगा पांघरला आणि २०१९ च्या जूनमध्ये हेक्टर गाडी बाजारात आणली. लोकांनी ती रांगा लावून घेतली. ज्या २०१७ च्या पावसाळ्यात हा हालोलचा व्यवहार आकाराला येत होता, त्याच पावसाळ्यात डोकलामला आपले जवान चिनी सैनिकांसमोर अडीच महिने छातीला छाती लावून उभे होते. त्या वेळी कारखान्याच्या सौद्याला कुणी हरकत घेतली नाही. गुजरात सरकारने तर पायघड्याच घातल्या. चिनी सरकारच्या मालकीची कंपनी हालोलला चालली, चिनी खाजगी कंपनी तळेगावला चालली नाही. मधल्या तीन वर्षांत काय बदलले?

बदलले ते असे. जानेवारी २०२० मध्ये तळेगावचा करार झाला, तेव्हा मोटार उद्योगात परदेशी भांडवल शंभर टक्के आपोआप येऊ शकत होते. दिल्लीचा उंबरा झिजवण्याचे कारणच नव्हते. फेब्रुवारीत ग्रेट वॉलने ग्रेटर नोएडाच्या मोटार प्रदर्शनात आपल्या गाड्या मांडल्या आणि भारतात १०० कोटी डॉलर गुंतवण्याची भाषा केली. मग करोना आला. १७ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने एक पत्रक काढले. भारताला ज्या देशांची जमिनीवरची सीमा लागून आहे, त्या देशांतून येणाऱ्या प्रत्येक गुंतवणुकीला यापुढे सरकारची पूर्वपरवानगी लागेल. आधी हा नियम पाकिस्तान आणि बांगलादेशपुरता होता. आता त्यात चीन आला. पत्रकाच्या मथळ्यातच हेतू सांगितला होता : महासाथीचा फायदा घेऊन भारतीय कंपन्या स्वस्तात गिळंकृत करण्याला आळा घालणे.

हेतू उत्तम. त्याला माझा कौलच आहे. पण तळेगावात गिळले जाणार होते कोण? विकणारी कंपनी अमेरिकन. तिने महासाथ येण्यापूर्वी, राजीखुशीने, आपला स्वतःचा कारखाना विकायला काढलेला. भारतीय कंपनी या चित्रात कुठेच नव्हती. भारतीय होते ते फक्त कामगार, आणि एम. आय. डी. सी.ने मावळातल्या शेतकऱ्यांकडून कधीकाळी संपादन केलेली जमीन. चोरांसाठी लावलेल्या कुलपात पाहुणा अडकावा, तसे झाले. अडकला तर अडकला, कुलूप उघडून ‘या’ म्हणा किंवा खिडकीतून ‘जा’ म्हणा. तेवढे तरी?

पुढचा दिवस १५ जून २०२०. त्या दिवशी महाराष्ट्र सरकारने दूरदर्शन-परिषदेच्या थाटात बारा सामंजस्य करार केले. त्यांत तीन चिनी गुंतवणुकीचे होते, एकूण ५,०२० कोटींचे. सर्वांत मोठा ग्रेट वॉलचा, ३,७७० कोटींचा. चीनचे राजदूतही त्या सोहळ्यात हजर होते. आणि त्याच रात्री गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले.

या ठिकाणी लेखणी क्षणभर थांबते. त्या वीस घरांच्या दुःखापुढे कारखान्याचा हिशेब मांडणे कुणालाही जड जाईल, मलाही जाते. त्या आठवड्यात कुठल्याही सरकारने चिनी कंपनीच्या कागदावर सही केली नसती आणि करूही नये. राज्याचे उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी हे करार ‘जैसे थे’ ठेवत असल्याचे सांगितले, केंद्राच्या धोरणाची वाट पाहू म्हणाले. तेही समजू शकतो. परराष्ट्र धोरण राज्याच्या हातचे नाही. त्या जूनमध्ये केंद्राने छातीठोकपणे म्हटले असते की ‘हा कारखाना चिनी कंपनीला मिळणार नाही, जनरल मोटर्सने दुसरे गिऱ्हाईक शोधावे’, तर मी टाळी वाजवली असती. बहुतेकांनी वाजवली असती. दुसऱ्या गिऱ्हाइकाचा शोध २०२० च्या पावसाळ्यातच सुरू झाला असता.

तसे झाले नाही. फाइल गेली आणि बसली. परदेशी गुंतवणुकीचे अर्ज तपासणारे जुने मंडळ २०१७ मध्ये मोडीत काढले, तेव्हा सरकारनेच नवी कार्यपद्धती ठरवली होती. तीत अर्ज आठ ते दहा आठवड्यांत निकाली काढण्याची मुदत घातलेली होती. सुरक्षेची तपासणी लागणारे अर्जही त्यात आले. दहा आठवडे! इथे दहा आठवड्यांचे शंभराच्या वर झाले. लालफीत संपली, परवाना राज्य १९९१ सालीच गाडले गेले, अशी भाषणे आपण तीस वर्षे ऐकतो आहोत. परवाना राज्यात निदान लेखी नकार तरी येत असे. तो हातात घेऊन माणूस मंत्र्याच्या बंगल्यावर जाऊन बसू शकत होता.

याच ग्रेट वॉलने याच जनरल मोटर्सकडून त्याच सुमारास दुसराही एक कारखाना घ्यायचे ठरवले होते. तो थायलंडमधल्या रायोंगचा. तळेगावनंतर महिन्याभराने, १७ फेब्रुवारी २०२० ला तो व्यवहार जाहीर झाला. करोना तिथेही होताच. २०२० संपेपर्यंत कारखान्याचा ताबा गेला आणि जून २०२१ मध्ये तिथून नवी गाडी बाहेरही पडली. थायलंडची चीनशी सीमा नाही, त्यांचे जवान कुठे शहीद झाले नाहीत, हा फरक मोठा आहे आणि तो मला मान्य आहे. म्हणून त्यांनी ‘हो’ म्हटले ते आपण म्हणायला हवे होते, असे मी म्हणत नाही. त्यांनी काही तरी म्हटले, एवढेच दाखवतो.

सरकारने सौद्यात पडूच नये, अशा शुद्ध बाजारवाद्यांच्या पंथातला मी नाही. हजारो घरांचा प्रश्न असतो तिथे सरकार पडणारच. पण पडायचे तर उघड्या मैदानात पडावे. २००९ साली हीच जनरल मोटर्स अमेरिकेत दिवाळखोरीत गेली, तेव्हा जर्मनीतली तिची ओपेल ही कंपनी विकायला निघाली. चान्सेलर अँगेला मेर्केल यांच्या सरकारने दीड अब्ज युरोचे तात्पुरते कर्ज दिले, कॅनडाच्या माग्ना कंपनीला आणि तिच्यासोबतच्या रशियन बँकेला खरेदीदार म्हणून उघड पाठिंबा दिला. सप्टेंबरात निवडणूक तोंडावर होती, हे कुणापासून लपलेले नव्हते. सौदा ठरला. आणि ३ नोव्हेंबरला, मेर्केलबाई वॉशिंग्टनला अमेरिकन काँग्रेसपुढे भाषण करून बाहेर पडत होत्या त्याच दिवशी, कंपनीच्या संचालकांनी विक्रीच रद्द केली! जगभर हसे झाले. जर्मन वर्तमानपत्रांनी सरकारला सोलून काढले. कर्ज मात्र महिन्याच्या आत परत आले. फसलेला खेळ होता, पण तो दिवसाढवळ्या खेळला गेला. कोण चुकले, किती चुकले, किती पैसे अडकले, हे ओपेलच्या साध्या कामगारालाही कळत होते. आमच्याकडे काय चुकले हे विचारायलाही खिडकी नव्हती.

आता कामगारांकडे वळू. २४ डिसेंबर २०२० रोजी तळेगावचे उत्पादन थांबले. कंपनीने कारखाना बंद करण्याची परवानगी राज्याकडे मागितली होती. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभरावर कामगार असलेला कारखाना बंद करायला राज्याची परवानगी लागे. जानेवारी २०२१ मध्ये राज्याने ती नाकारली. कामगारांच्या बाजूने घेतलेला निर्णय म्हणून त्याचे स्वागत झाले आणि मामला न्यायालयीन वाटेला लागला. एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने १,४१९ कामगारांना कामबंदी दिली. कामबंदी म्हणजे नोकरी आहे, पण काम नाही. कायद्याप्रमाणे मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम तेवढी मिळायची. आणि ती करोनाच्या दुसऱ्या लाटेत! घरात आजारी माणूस, मुलांची शाळा मोबाइलवर, आणि हातात अर्धा पगार.

केंद्र सरकार कारखाना विकू देईना आणि राज्य सरकार तो बंद करू देईना. आपल्या जुन्या बायकांनी या प्रसंगासाठीच म्हण करून ठेवली आहे : आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. या दोन्ही सरकारांचे पक्ष वेगळे, झेंडे वेगळे, एकमेकांना पाण्यात पाहणारे. तरी तळेगावच्या बाबतीत दोघांचे वागणे एकमेकांना इतके पूरक, की जणू एकाच टेबलावर बसून ठरवले असावे. एकाने नकार द्यायचे टाळले म्हणून सौदा जिवंत राहिला. सौदा जिवंत म्हणून दुसरा खरेदीदार दारात येईना. दुसऱ्याने बंदी नाकारली म्हणून कारखाना कागदावर चालू राहिला. कागदावर चालू म्हणून कामगाराचा पुरता हिशेब होईना. कंपनीने स्वेच्छानिवृत्तीचे पैसे पुढे केले. पण चिनी मालक आला तर नोकरी राहील, या आशेवर पस्तिशीतला माणूस तो चेक का घेईल? ती आशा सरकारच्या मौनावर उभी होती. एका ‘नाही’ने ती मोडली असती आणि माणसे आपापल्या वाटेला लागली असती.

माझे एक जुने स्नेही, सैन्यातून निवृत्त झालेले, हे ऐकून म्हणाले, “अहो, मौन हीसुद्धा मुत्सद्देगिरी असते. चीनला टांगून ठेवले, हे काय कमी आहे?” मी त्यांना विचारले, “साहेब, टांगले कुणाला? ग्रेट वॉलने २०२२ मध्ये काय केले? इथली अकरा माणसे घरी बसवली आणि पैसा दुसरीकडे नेला. जनरल मोटर्स तर केव्हाच सामान बांधून बसली होती. दोरीला लोंबकळत राहिला तो मावळातला फिटर.” ते हसले, पण पटले असे म्हणाले नाहीत. त्यांचा मुद्दा पूर्ण टाकाऊ आहे असे मीही म्हणणार नाही. गुप्तता कधी कधी लागते. पण गुप्ततेचा खर्च तिजोरीतून व्हावा, १,४१९ पगाराच्या पाकिटांतून नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, परदेशी कंपनीचे परदेशी कंपनीशी चाललेले व्यवहार, त्यात सरकारने एवढे मनाला का लावून घ्यावे? उलट आहे. कारखान्याचा मालक परदेशी असतो तेव्हाच कामगाराला आपल्या सरकारवाचून दुसरे कुणी नसते. देशी शेठजीच्या वाड्यावर मोर्चा नेता येतो. डेट्रॉइटला कसा न्यायचा?

आणि सरकारला ‘नाही’ म्हणता येत नाही, असेही नाही. बी. वाय. डी. या चिनी कंपनीने हैदराबादच्या मेघा इंजिनिअरिंगबरोबर विजेच्या मोटारी बनवण्याचा सुमारे १०० कोटी डॉलरचा प्रस्ताव मांडला. जुलै २०२३ मध्ये तो नाकारल्याच्या बातम्या आल्या. महिन्यांत निकाल! हैदराबादच्या मराठी वाचकांना त्याचे वाईट वाटले असेल, पण मी म्हणेन, त्या लोकांवर उपकार झाले. कळले, संपले. दुसरीकडे हालोलच्या सैकने बाहेरून आणखी भांडवल आणण्याची वाट बंद झाल्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये जिंदालांच्या जे. एस. डब्ल्यू. समूहाला ३५ टक्के भागीदार करून घेतले आणि गाडा पुढे हाकला. म्हणजे नकाराचाही रस्ता निघतो आणि अटींचाही निघतो. तळेगावला ना हे मिळाले ना ते.

या सगळ्यात देशाची चीनपासून सुटका झाली असती, तरी मी गप्प बसलो असतो. पण २०२४-२५ या वर्षात चीनशी आपल्या व्यापारातली तूट ९९ अब्ज डॉलरवर गेली. माल खुशाल येतो आहे. तो बनवणारा कारखाना तेवढा येता कामा नये! २०२४ च्या जुलैमध्ये सरकारच्याच आर्थिक पाहणी अहवालाने सुचवले की चिनी माल आयात करत बसण्यापेक्षा चिनी भांडवल इथे येऊ देणे एखादे वेळी अधिक फायद्याचे. हे शहाणपण चुकीचे की बरोबर, यावर दोन मते असू शकतात. पण सरकारच्याच घरात दोन मते होती, तर २०२० ते २०२२ या काळात ती टेबलावर यायला कुणाची हरकत होती?

आता ती तारीख पुन्हा पाहा, ३० जून २०२२. तळेगावचा करार ज्या दिवशी संपला, त्याच संध्याकाळी मुंबईत राजभवनावर एकनाथ शिंदे मुख्यमंत्रिपदाची शपथ घेत होते. आदल्या रात्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिलेला. अवघा महाराष्ट्र गुवाहाटीची हॉटेले आणि विमानांची उड्डाणे मोजत होता. त्या गदारोळात एक कारखान्याची विक्री मेल्याची बातमी आतल्या पानावर, तीही अर्थविषयक पानावर, छापून आली. पेपरवाल्यांना तरी काय दोष द्यावा?

पण पुढच्या अडीच महिन्यांत जे घडले ते मात्र विसरण्याजोगे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टरचा प्रकल्प गुजरातेत गेला. तो येणार होता कुठे? याच तळेगावला! मग काय विचारता. सत्ताधारी, विरोधक, माजी, भावी, सगळे तळेगावच्या नावाने गळा काढू लागले. मोर्चे निघाले, पत्रकार परिषदा झाल्या, दीड लाख कोटींचा जप झाला. ज्याची एक वीटही रचली गेली नव्हती, त्या कारखान्यासाठी एवढा शोक. पुढच्याच वर्षी फॉक्सकॉनने त्यातून अंग काढून घेतले, ते निराळे. आणि त्याच गावात छप्पर, यंत्रे, पेंटशॉप, इंजिनचा विभाग यांसकट उभा असलेला, सव्वा लाखावर गाड्या वर्षाला काढू शकणारा कारखाना बंद पडून होता. त्याच्यासाठी या पुढाऱ्यांपैकी कितींच्या डोळ्यांत पाणी आले? न आलेल्या पाहुण्यासाठी पंगत मांडायची आणि घरचा माणूस उपाशी आहे का ते पाहायचेही नाही, ही आपली राजकीय रीत झाली आहे. यात मी दोन्ही बाजू धरतो. बेळगावच्या प्रश्नावर वर्षातून एकदा गळा काढणाऱ्यांना आम्ही चांगले ओळखतो, म्हणून हा सूर कानाला लगेच कळतो.

शेवटी कोरियाची ह्युंदाई आली. मार्च २०२३ मध्ये प्राथमिक करार, १६ ऑगस्ट २०२३ रोजी गुरुग्रामला पक्का करार, आणि २०२४ च्या जानेवारीत कारखाना तिच्या ताब्यात. दहा-अकरा महिन्यांत सगळे उरकले. तिने पैसा ओतला, २०२५ मध्ये तिथे पुन्हा उत्पादन सुरू झाले आणि नव्या व्हेन्यू गाड्या बाहेर पडू लागल्या. चांगले झाले, त्यात मला आनंद आहे. पण त्या करारात काय विकले होते? जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री. माणसे त्या यादीत नव्हती. चालता उद्योग एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा कामगाराची नोकरी किंवा भरपाई यांचे काय व्हावे, याचे कलम कायद्यात होते. पण तोवर ‘चालता उद्योग’ उरलाच नव्हता. तीन वर्षे गोठ्यात बांधून, दूध आटवून, मग विकलेली गाय ती. जुन्या कामगारांनी नव्या कारखान्यात आपल्याला घ्यावे म्हणून २०२३ मध्ये मोर्चे काढले, उपोषणे केली. २०२० मध्ये यंत्रे गरम असताना सौदा फिरला असता, चिनी नाही तर कोरियन, जपानी, देशी, कुणाशीही, तर त्या माणसांना यंत्रांबरोबर मोजून घ्यायला लावता आले असते. लोखंडाची किंमत तीन वर्षांत फारशी उतरत नाही. चाळिशीकडे झुकलेल्या वेल्डरची उतरते.

मला सरकारकडून काय हवे, ते साध्या शब्दांत सांगतो. परदेशी मालकाचा कारखाना परदेशी खरेदीदाराला विकायला निघाला आणि तो अडवायचा असला, तर खुशाल अडवा. पण मुदत पाळा. नकार लेखी द्या. कारणे गुप्त ठेवायची असली तर ठेवा, पण नकार गुप्त ठेवू नका. आणि तो कागद कंपनीबरोबर कामगार संघटनेच्या हातीही पडू द्या, कारण सौद्यातला तिसरा पक्ष तोच. मुदत उलटली, तर त्या दिवसापासून कामगारांच्या पगाराचा राहिलेला अर्धा हिस्सा ज्या खात्यात फाइल पडली आहे त्या खात्याच्या खर्चातून जाऊ द्या. फाइल किती लवकर हलते ते मग पाहू.

महाराष्ट्रातून अठ्ठेचाळीस खासदार लोकसभेत बसतात. मावळचा त्यांतला एक. जे पत्रक भारतीय कंपन्यांना वाचवण्यासाठी काढले होते, त्याखाली तळेगावचा अर्ज किती आठवडे कुणाच्या टेबलावर होता आणि त्यावर शेवटचा शेरा काय पडला, हा एक अतारांकित प्रश्न विचारायला फार तर अर्धा कागद लागतो.